बिनीप्ड

त्रिपुरी पौर्णिमेच्या भरतीला
प्रभावती जुवाटकरणीची 'सातेरी'
तारामुंबरीच्या खाडीत वळताना
वाळूच्या दांड्यावर चढली ती चढलीच.
पाणी उतरलं. होडी राहिली
जरा डाव्या कुशीवर,
दुपारी जेवून लवंडलेल्या माणसासारखी.

तिसऱ्या दिवशी विम्याचा माणूस आला.
बूट हातात धरून चिखलातून गेला,
तळाला टकटक केलं,
चार ओळी इंग्रजी लिहिलं
आणि पाचच्या एसटीनं परत.

तो कागद तिनं माझ्याकडे आणला,
पिशवीत, पेडव्यांच्या पुड्याशेजारी.
"सर, पैसे गावतले काय, तेवढाच सांगा."

छत्तीस वर्षं मी नववी ब ला
विशेषणाच्या तीन अवस्था शिकवल्या,
पण हा शब्द माझ्या शाळेत कधी आला नव्हता.
तीन ओळी सरळ :
भोक नाही. तडा नाही. इंजिन ठीक.
चौथी : होडी बिनीप्ड आहे.

आधी वाटलं, बिन म्हणजे आपलंच बिन,
बिनघोर, बिनबोभाट, बिनपाण्याची हजामत.
मग जाडा कोश काढला.
वाळवीनं एम पासून पी पर्यंत खाल्लेला,
बी सुदैवानं शाबूत.
'विशेषण. क्वचित. जहाजाविषयी.
उधाणाच्या भरतीला रुतलेले व
पुढच्या उधाणापर्यंत अडकून पडलेले.'

चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
'सुंदर' कुणाच्याही ओटीवर जाऊन बसतं,
चहा घेतं, उठून शेजारी जातं.
हे तसं नव्हे.
ह्याला होडी लागते, पौर्णिमा लागते,
आणि रोज बोटबोट कमी येणारं पाणी.

सांगितलं तिला. तिनं ऐकून घेतलं.
"म्हंजे भांगात गावली."
भांग. केसांतला माहीत होता, लोट्यातली माहीत होती.
हा अष्टमीच्या आगेमागे येणारा,
जेव्हा समुद्र धड भरत नाही, धड सुकत नाही,
हा माझ्या दारापासून दोनशे पावलांवर
जन्मभर येतजात होता.
"मगे सरळ असा लिवूक तेका काय झाला व्हता?"

"पैसे मिळणार नाहीत," मी म्हणालो.
"इजा नाही झाली. नुसती थांबली आहे, म्हणतो तो."
"थांबल्याचे पैसे नसतत?"
ह्याचं व्याकरण मला येत नव्हतं.
पेडवे तिनं ठेवूनच दिले.

पुढच्या पंधरवड्यात
होडीच्या टपावर पोरं पत्ते खेळली,
एक बकरी चढली, उतरवेना.
आणि शब्द माझ्या ओटीवरून सुटला.
गुरुवारी एसटी हिंदळ्याच्या घाटीत बिनीपली.
कुबलांच्या सुधाकराचं लग्न बिनीपलं,
मुलीकडचे कळवतो म्हणाले होते.
ग्रामपंचायतीचा नळ तर चैत्रापासूनच बिनीपला होता,
त्याला नाव आत्ता मिळालं.
इंग्रजी विशेषणाला लिंग नसतं,
मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल.
इथे त्याला तिन्ही लिंगं फुटली, वर काळही.
विम्याचे पैसे बिनीपले असं मात्र
कुणी म्हटलं नाही. ते निघालेच नव्हते.

अवसेच्या रात्री बाराच्या सुमाराला
चौदा माणसं, दोन दोरखंड, एक बॅटरी.
पाणी आलं, तळाखाली शिरलं,
होडी एकदा कण्हली
आणि जागची हलली नाही.
प्रभावती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती.
तळाच्या जुन्या ओल्या रेघेवर हात आडवा धरून म्हणाली,
"चार बोटां."
आणि लुगडं पिळत घरी गेली,
सगळ्यांना चहा टाकायला.

दत्तजयंतीच्या रात्री ती सुटली म्हणतात.
मी पालखीहून येऊन झोपलो होतो.
ओरडा ऐकला असं बायको सांगते, मी नाही.
सकाळी गेलो तर
दांड्यावर होडीच्या मापाचा खळगा,
त्यात वीतभर पाणी,
पाण्यात एक कुर्ली, बाहेरचा रस्ता शोधणारी.
प्रभावतीचा नातू काठी घेऊन उकिडवा बसलेला.

"सर," खळग्याकडे काठी दाखवत तो म्हणाला,
"ह्येका इंग्लिशीत काय म्हणतत?"